बाळ, किरकोळ

दिवाळीच्या आठवडाभर आधी एका रात्री मी कचरा टाकायला गेलो आणि कचरा घेऊनच परत आलो.

दार बायकोनं उघडलं. तिनं आधी माझ्या हातातल्या काळ्या पिशवीकडे पाहिलं, मग माझ्या मिशीकडे. मिशीवर पिठीसाखर होती.

"डबा भरला होता का खाली?"

"तुडुंब," मी म्हणालो.

"आणि ही साखर?"

नऊ महिन्यांच्या मुलीचा बाप रात्री साडेदहाला जितक्या वेगानं विचार करू शकतो तितक्या वेगानं मी विचार केला. म्हणजे केलाच नाही. "दिवाळी आलीय ना, हवेत असते," एवढं बोलून मी आत सटकलो. कचरा दाराशीच राहिला.

आता हे प्रकरण समजायला थोडं मागे जावं लागेल. जुलैपासून आमच्या घरी काटकसर चालू आहे. हौसेनं कुणी काटकसर करत नाही, आम्हीही केली नाही. मुलगी झाली जानेवारीत. 2017 साली कायदा दुरुस्त झाल्यापासून आईला 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते. बायकोची ती जूनअखेर संपली. आम्ही एक पाळणाघर बघून आलो. तिथल्या बाई फार प्रेमळ होत्या, भिंतीवर ससे होते, पण फीचा आकडा ऐकल्यावर मला वाटलं, त्यात मलाही ठेवून घेत असतील. बायकोनं डिसेंबरपर्यंत बिनपगारी रजा घेतली. बापाच्या रजेचं म्हणाल, तर केंद्र सरकारच्या नोकरीत पंधरा दिवस मिळतात. खासगीत तसा कायदाच नाही, त्यामुळे मला तीन दिवस आणि एक केक मिळाला. केक ऑफिसनंच खाल्ला.

तर पगार एक, घराचा हप्ता एक आणि डोंबिवलीतल्या दोन खोल्यांत माणसं चार: मी, बायको, माझी आई आणि जिच्यामुळे हे सगळं ती. एक जुलैला बायकोनं हिशेबाला वही काढली. विकत नाही आणली. एका विमा एजंटनं 2022 साली दिलेली कोरी डायरी होती, ती काढली. वार जुळत नव्हते, पण खर्चाला वार कुठे लागतो? पानावर तिनं तीन रकाने आखले: गरज, चैन आणि बाळ.

पहिलं भांडण पहिल्याच ओळीवर झालं.

"चहा गरजेत टाक," मी म्हणालो.

"घरचा गरज. टपरीवरचा चैन."

"अगं, पण चहा तोच!"

"मग घरीच पी ना."

यावर उत्तर नव्हतं. टपरीवरच्या चहात चहापेक्षा टपरी जास्त असते, हे ज्यानं दिवसभर रडणाऱ्या बाळाच्या शेजारी बसून लॅपटॉपवर काम केलंय त्यालाच कळतं. तिथे कुणी तुम्हाला लाळ पुसायला सांगत नाही. दहा मिनिटं तुम्ही कुणाचे कुणी नसता. पण हे डायरीत लिहायला रकाना नव्हता.

आईला मात्र या सगळ्याचा आनंद झाला. कित्येक वर्षांनी तिला आवडीचा विषय मिळाला होता. तिनं आम्हा दोघा भावंडांना चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत वाढवलं, तेही एका पगारात. तेलाची पिशवी रिकामी झाली की ती कापून आतून कणकेच्या गोळ्यानं पुसते. दुधाची पिशवी विसळलेलं पाणी चहात जातं. साबणाची चिपटी नव्या वडीला अशी चिकटवते की आमच्या घरातला साबण नेमका कोणत्या साली सुरू झाला हे सांगता येणार नाही. तिच्यासमोर आम्ही म्हणजे गादी गेलेले पण सवयी न गेलेले संस्थानिक.

"आमच्या वेळी नव्हते हो डायपर-बियपर," ती म्हणाली. "तुला चोवीस लंगोटांवर वाढवलाय."

मी डायपरचा हिशेब मांडला. नगाला साडेअकरा रुपये, दिवसाला सहा, म्हणजे महिन्याला 2,070. बायकोनं तो आकडा डायरीत लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. तिकडे आईनं ट्रंकेतून दोन मऊ सुती साड्या काढून टराटरा फाडायला घेतल्याही होत्या. संध्याकाळपर्यंत चोवीस लंगोट तयार.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत त्यातले एकवीस संपले.

महिना जुलैचा. डोंबिवलीत जुलैत काही वाळत नाही. वाळलेलं ओलं मात्र होतं. हॉलमध्ये या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत तीन दोऱ्या बांधल्या. रात्रभर पंखा पाचवर. सकाळी लंगोट दमटच, म्हणून इस्त्री. मशीन दिवसातून दोनदा. सोसायटीतले लोक गणपतीची वर्गणी मागायला आले, तर चिटणिसांच्या डोक्यावर एक लंगोट पडला. ते सभ्य गृहस्थ. लंगोट डोक्यावर तसाच ठेवून त्यांनी पावती फाडली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी दरवर्षीपेक्षा शंभर रुपये जास्त दिले. बायकोनं ते "चैन"मध्ये लिहिले.

ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगचं तर विचारूच नका. माझ्यामागे दोरी होती हे मी विसरलो. वरिष्ठांनी विचारलं, "मागे पताका कसल्या?"

"पंधरा ऑगस्टची तयारी, सर."

"पण सगळ्या पांढऱ्याच आहेत."

"बाकीचे दोन रंग वाळतायत, सर."

महिनाअखेर विजेचं बिल आलं. घरगुती विजेचा दर शंभर युनिटनंतर चढतो आणि तीनशेनंतर आणखी चढतो. तीनशेचा आकडा ही आमच्या घराची लक्ष्मणरेषा होती आणि पंखा, मशीन आणि इस्त्री या तिघांनी मिळून ती ओलांडली होती. वाढीव बिल, साबणाची जास्तीची पावडर आणि वर्गणीतले शंभर असं सगळं वजा जाता लंगोटांनी महिन्यात आमचे एकशे नव्वद रुपये वाचवले. ते वाकून वाकून धरलेल्या पाठीच्या मलमाला गेले. मलम बाळाच्या कपड्यांमुळे लागलं, म्हणून बायकोनं ते "बाळ" या रकान्यात लिहिलं.

या रकान्याची ताकद मला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आली.

"बाळ" या रकान्यातल्या खर्चावर आमच्याकडे चर्चा होत नाही. एसीचंच घ्या. आई जन्मभर एसीच्या विरोधात. "हाडं गारठतात, पैसे वितळतात." ऑक्टोबरच्या उकाड्यात मात्र एका रात्री ती उशी घेऊन आमच्या खोलीच्या दारात उभी. "पोरीला घामोळं येईल हो. लावा जरा. मी आहे लक्ष ठेवायला." मग एका एसीत चौघं: पलंगावर बायको आणि बाळ, खाली सतरंजीवर मी, आणि एसीच्या बरोबर समोर, गार वारा थेट तोंडावर येईल अशी जागा धरून, बाळावर लक्ष ठेवणारी आई. दोन मिनिटांत तिचं लक्ष घोरायला लागलं. नवे एसी चालू केले की आपोआप 24 अंशांवर सुरू होतात, विजेची बचत व्हावी म्हणून तसा नियमच आहे. पहाटे चारला पाहिलं तर आकडा 21. रिमोट आईच्या उशाखाली.

डायपरही परत आले. दिवसा लंगोट, रात्री डायपर, असा तह झाला. 22 सप्टेंबरला डायपरवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला तेव्हा आमच्या घरी सण होता. त्या आनंदात मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात महागडी बचत केली. दुकानात तीन मोठ्या पिशव्यांवर एक फुकट होती. मी चार उचलल्या, मीडियम मापाच्या. रिक्षा न करता दोन्ही हातांत दोन दोन घेऊन, लढाई जिंकल्यासारखा, फडके रोडवरून चालत घरी आलो.

"वजन किती आहे तिचं?" बायकोनं विचारलं.

"कुणाचं?"

"तुझ्या मुलीचं."

मला पिशवीचं वजन माहीत होतं, त्यावरची सवलत माहीत होती. मुलीचं वजन माहीत नव्हतं. तिला दहा दिवसांपूर्वीच लार्ज लागायला लागलं होतं. पावती मी सवयीप्रमाणे रिक्षा वाचवण्याच्या उत्साहात कुठेतरी चुरगळून टाकली होती. अशा रीतीनं आमच्या घरात दोनशे मीडियम डायपर आले आणि घालायला कुणी नव्हतं.

इथे मला आईपुढे हात जोडावेसे वाटतात. तिनं एक डायपर फाडून आतला पांढरा चुरा पाहिला, त्यावर वाटीभर पाणी ओतलं, ते सगळं त्यानं पिऊन फुगलेलं पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत ती जुनी, तेलाच्या पिशवीची चमक आली. परतीच्या पावसात आमची हॉलची खिडकी गळते. दुसऱ्या दिवशी खिडकीच्या चौकटीला चार डायपर, ओळीनं. सिंकखाली एक. फ्रिजच्या मागे एक. कुंड्यांतल्या मातीत दोन, मोगऱ्याला पाणी कमी घालावं लागतं म्हणून. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "खिडकीला काय बांधलंय हो?" आई म्हणाली, "नवीन निघालंय."

झोपेचा खर्च वेगळाच. आमच्या मुलीला पाळण्यात झोप येत नाही, मांडीवर येत नाही, अंगाईनं तर ती जास्तच जागी होते, कारण अंगाई मी म्हणतो. तिला झोप येते ती रिक्षात. हे कळलं तेव्हा लसीच्या डोसानंतरची रात्र होती आणि साडेअकरा वाजले होते. मी तिला घेऊन खाली गेलो.

"कुठे सोडू?" रिक्षावाले काका म्हणाले.

"कुठेच नाही. ही झोपली की परत इथेच."

त्यांनी आरशातून आम्हा दोघांकडे पाहिलं. मला वाटलं आता नाही म्हणतील. ते म्हणाले, "मग खड्ड्यांच्या रस्त्यानं घेतो. माझी धाकटी तिथेच झोपायची."

पालिकेच्या रस्त्यांचा असा उपयोग असतो हे मला माहीत नव्हतं. चौथ्या खड्ड्याला मुलगी गाढ. 2025 च्या फेब्रुवारीत रिक्षाचं किमान भाडं सव्वीस रुपये झालं होतं, तेवढेच झाले. बायकोनं डायरीत लिहिलं: "प्रवास, कुठेही नाही: 26." आठवड्यात असे चार प्रवास झाले. मग तिलाच युक्ती सुचली. पाचव्या फेरीत मी मोबाइलवर रिक्षाचा बारा मिनिटांचा आवाज भरून आणला. फुकटात झोप! आवाज लावला की मुलगी तीन मिनिटांत झोपते, आई चार, मी पाच. अडचण एकच. शेवटच्या सेकंदाला काका खणखणीत आवाजात म्हणतात, "सुट्टे नाहीत का?" आणि सगळं घर उठून बसतं. मी तर दोनदा झोपेत पाकीट शोधलंय.

आठशे रुपयांत घेतलेल्या जुन्या बाबागाडीबद्दल मी फार बोलणार नाही. तिचं एक चाक डोंबिवली पश्चिमेकडे जातं आणि तीन पूर्वेकडे. सध्या मुलगी कडेवर असते आणि गाडीत भाजी. एकदा एक आजीबाई "कुणाचं गं हे शोनू" करत वाकल्या आणि दुधी भोपळ्याचा गाल घ्यायच्या बेतात होत्या.

तर टपरी. माझा नियम असा ठरला होता की रात्री कचरा मी टाकायचा. जायला-यायला चार मिनिटं. मी पंधरा मिनिटांनी यायचो. एक कटिंग बारा रुपये, एक क्रीमरोल पंधरा. क्रीमरोल हा पदार्थ सभ्य माणसानं चारचौघांत खाण्यासारखा नाही. चावलं की मागून क्रीम बाहेर येतं आणि पुढून साखर शर्टावर. पण दिवसभर नाचणीची पेज दुसऱ्याच्या तोंडात भरवल्यावर स्वतःच्या तोंडात जाणारी ती एकच गोष्ट असायची. हे सत्तावीस रुपये लिहायचे कुठे? चैनीत लिहिले तर पकडलो गेलो असतो. गरजेत लिहायला धीर नव्हता. म्हणून पहिल्या दिवशी मी कापऱ्या अक्षरात लिहिलं: "बाळ, किरकोळ: 27." कुणी काही बोललं नाही. मग मी रोज लिहायला लागलो.

पिठीसाखरेच्या त्या रात्रीनंतर मात्र मी घाबरलो होतो. दोन दिवस टपरीकडे फिरकलो नाही. कचरा टाकून चार मिनिटांत घरी. तिसऱ्या दिवशी बायकोच म्हणाली, "बरं नाही का तुला? लवकर येतोस हल्ली."

त्याच आठवड्यात आई देवळात आणि बायको आंघोळीला असताना मुलीला भूक लागली. मी नाचणी सत्त्वाचा डबा उघडला. त्यात नाचणी सत्त्व नव्हतं. काजूकतली होती, बटर पेपरमध्ये, शिस्तीत एकावर एक लावलेली, आणि एका कडेला एक अर्धी, दातांच्या खुणेसकट. आमच्या मुलीला दोनच दात आहेत आणि ते खालचे. मी डबा लावून टाकला आणि शेजारचा उघडला. त्यावर आईच्या अक्षरात चिठ्ठी होती: "बाळगुटी. हात लावू नये." वर वेखंड, जायफळ, हळकुंड, मुरुडशेंग. त्याखाली आलेपाकाच्या वड्या. त्याच्याही खाली, देवाशपथ सांगतो, एक कॅडबरी. दोन चौकोन गेलेली, चांदीचा कागद परत नीट दुमडलेला, कणकेच्या गोळ्यानं पुसल्यासारखा स्वच्छ.

तिसऱ्या डब्यात नाचणी सत्त्व सापडलं. त्यावर "ओवा" लिहिलेलं होतं.

मी कुणाला काही म्हणालो नाही. मुलीला पेज भरवली. एक काजूकतली खाल्ली आणि बाकीच्या अशा सरकवल्या की मोजल्याशिवाय कळू नये.

ऑक्टोबरच्या एकतीस तारखेला रात्री मुलगी झोपल्यावर, म्हणजे काकांनी सुट्टे मागायच्या आत, बायको हिशेबाला बसली. गरज जमली. चैनीच्या रकान्यात संपूर्ण महिन्यात एकच नोंद होती: आकाशकंदिलाचा बल्ब. आम्ही तिघांनी एकमेकांकडे अभिमानानं पाहिलं. मग तिनं बाळाचा रकाना घेतला. डायपर, औषध, लस, खाऊ. खाऊत नाचणी आणि केळी. ते सगळं मिळून ठीक होतं. मग आलं "बाळ, किरकोळ." ती बोट फिरवत खाली जात होती आणि मला दिसत होतं, त्या ओळी तीन वेगवेगळ्या अक्षरांत होत्या. माझे सत्तावीस, सत्तावीस, सत्तावीस. तिच्या वळणदार अक्षरात साठ, एकशे चाळीस. आणि मधेमधे आईच्या मोडीसारख्या अक्षरात वीस, दहा, पंचेचाळीस.

"एक हजार सहाशे त्र्याहत्तर," ती म्हणाली.

खोलीत बराच वेळ फक्त रिक्षाचा आवाज होता.

"एवढं खाते कुठे ही?" बायकोनं विचारलं. माझ्याकडे न बघता.

मी छताकडे पाहिलं. आईनं पाळण्याला एक झोका दिला, मुलीचं दुपटं सारखं केलं आणि म्हणाली, "वाढीचं वय आहे हो तिचं."

नोव्हेंबरच्या पानावर "बाळ, किरकोळ: 1,700" असं आता आधीच लिहून ठेवलंय. कचरा रोज मीच टाकतो. खाली जाताना बायको काळ्या पिशवीबरोबर एक रिकामा स्टीलचा डबाही हातात देते. त्यात तीन क्रीमरोल न चेपता बसतात.